वाकड्या दांडीची सायकल

मी जुनी आहे, काळी आहे आणि माझी दांडी वाकडी आहे. मित्रांनो, या तिन्ही गोष्टी सांगताना मला जराही लाज वाटत नाही. जुनी मी पुढे झाले. काळी आणि वाकडी मात्र जन्मापासूनची. पण कुठे धडकून वाकडी झाले असं समजू नका हं! इतर सायकलींची वरची दांडी सरळ आडवी असते, माझी कारखान्यातच मुद्दाम खाली वाकवलेली आहे. साडी नेसलेल्या बाईला सहज बसता यावं म्हणून! या एका दांडीपायी माझ्या आयुष्यात काय काय घडलं ते ऐका.

मी विलायतेत तयार झाले, पण तिथलं मला फारसं आठवत नाही. तिथून मी निघाले ती सुटी सुटी होऊन, लाकडी पेटीत, गवतात गुंडाळलेली. चाकं एकीकडे, हँडल दुसरीकडे. उज्जैनला टावर चौकात हातिमभाईंचं सायकलींचं दुकान होतं. तिथे ती पेटी उघडली. हातिमभाईंनी मला जोडलं, साखळीला तेल दिलं आणि माझं मागचं चाक हातानं गरकन फिरवलं. काय सांगू तुम्हाला! त्या क्षणी मला कळलं की आपला जन्म कशासाठी आहे. फिरण्यासाठी!

पण मला फिरवणार कोण? दुकानात गिऱ्हाइकं यायची ती पुरुषमाणसं. माझ्याकडे बघून हसायची आणि पुढे जायची. देश स्वतंत्र झाला त्या दिवशी हातिमभाईंनी दुकानातल्या सगळ्या सायकलींना तिरंगी कागद लावले. मलाही लावले. मी नुसती थरथरत होते! चौकातून मिरवणूक निघणार होती आणि हातिमभाईंची मित्रमंडळी आमच्यावर बसून त्यात जाणार होती. एकेक जण आला, एकेक सायकल घेऊन गेला. शेवटी मी एकटी उरले. जनानी सायकल कोण घेणार? बाहेर बँड वाजत होता, लोक ओरडत होते, आणि मी तिरंगी कागद लावून रिकाम्या दुकानात स्टँडवर उभी. तो आनंद मी कानांनीच ऐकला.

पुढच्या वर्षी उज्जैन ज्यात होतं ते ग्वाल्हेरचं संस्थान गेलं आणि मध्यभारत नावाचं नवं राज्य झालं. पाट्या रंगवणाऱ्यांना उसंत नव्हती. त्याच दिवसांत एका संध्याकाळी श्रीनाथराव आणि जयूबाई दुकानात आले. श्रीनाथराव कोठीवरच्या, म्हणजे जुन्या महालातल्या सरकारी कचेरीत कारकून होते. काळी टोपी, कोट आणि धोतर. जयूबाई त्यांच्या पत्नी. लग्नाला वर्षही झालं नसावं. श्रीनाथरावांना रोज कचेरीत जायला सायकल हवी होती आणि रविवारी दोघांनी हिंडायला.

हातिमभाईंनी लगेच एक हिरवी सायकल पुढे केली. अशी चकचकीत, की तिच्या मडगार्डात तोंड दिसावं!

"साहब, चाँद का टुकड़ा है," ते म्हणाले.

श्रीनाथराव खूश झाले. पण जयूबाई दुकानभर नजर फिरवत होत्या.

"अहो, आपल्याकडे एकच सायकल येणार ना?" त्यांनी विचारलं.

"एकच. दोन कशाला?"

"मग मलाही चालवता येईल अशी घेऊ या."

श्रीनाथराव थबकले. "तुला? तुला कुठे येते?"

"आज नाही येत. पण सायकल काय आजच्या दिवसापुरती घेतोय का आपण?"

हातिमभाईंनी चष्मा वर केला. "बहनजी, फिर तो वह जनानी वाली लेनी पड़ेगी. मगर साहब दफ्तर कैसे ले जाएँगे? लोग हँसेंगे."

"बघू तर खरं," जयूबाई म्हणाल्या. "आधी तिन्ही चालवून बघा. मी मागे बसते. ज्या सायकलीवर आपण दोघं नीट जाऊ ती घ्यायची."

तिन्ही म्हणजे हिरवी, दुसरी शर्यतीची एक लाल, आणि तिसरी मी. मित्रांनो, माझी चाकं जागच्या जागी वळवळली!

आधी हिरवी निघाली. दिसायला राणी, पण तिच्या साखळीवर झाकण नव्हतं. टावरला अर्धा वळसा घालते न घालते तोच तिनं श्रीनाथरावांच्या धोतराचा सोगा धरला आणि चावत सुटली! मागे जयूबाई ओरडतायत, पुढे श्रीनाथराव एका हातानं धोतर ओढतायत, आणि पोहे-जिलबीच्या दुकानापुढची माणसं द्रोण हातात धरून बघतायत. धोतराला काळा पट्टा घेऊन ते परतले. मग लाल. तिचं हँडल इतकं खाली, की वाकताना श्रीनाथरावांची टोपी रस्त्यावर पडली. शिवाय तिला मागे कॅरिअरच नव्हतं. जयूबाई बसणार कुठे?

मग माझी पाळी आली. श्रीनाथरावांनी हळूच आजूबाजूला पाहिलं, टांग न टाकता दांडीवरून पाय पलीकडे नेला आणि पायडल मारलं. मी निघाले! माझ्या साखळीला पुरं झाकण, मागच्या चाकाला जाळी, दणकट कॅरिअर. ना धोतर अडकलं, ना पदर. टांगा आडवा आला तेव्हा ब्रेक दाबताच मी जागेवर उभी राहिले. एक वळसा झाला तरी ते थांबेनात. दुसरा घातला.

"जड आहे," उतरताना ते म्हणाले, "पण चालायला हीच बरी."

"मग?"

"लोक काय म्हणतील ग?"

"लोकांना कुठे चालवायची आहे?" जयूबाई म्हणाल्या.

त्या संध्याकाळी श्रीनाथराव कान लाल करून पुढे आणि जयूबाई हसत मागे, अशी माझी वरात फ्रीगंजातल्या त्यांच्या घरी गेली.

दारात श्रीनाथरावांच्या आई उभ्या होत्या. त्यांना सगळे माई म्हणत. त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"मुलगा बायकी सायकलवर," त्या म्हणाल्या, "आणि सून म्हणे सायकल शिकणार! आता मी तेवढी मोटार चालवायची राहिले."

दुसऱ्या दिवशी कचेरीत तर फारच झालं. श्रीनाथरावांच्या शेजारच्या टेबलावर भय्यासाहेब बसायचे. मोठ्या आवाजाचा, मोठ्या मिशांचा माणूस. मला पाहताच ते पायरीवरूनच ओरडले, "काय श्रीनाथराव, आज वहिनींची सायकल? उद्या बांगड्याही भरून या!"

सगळी कचेरी हसली. त्या दिवसापासून श्रीनाथराव मला कचेरीच्या मागे, कडुलिंबाच्या बुंध्याआड उभी करू लागले. मी रोज त्यांना न चुकता पोहोचवत होते, आणि ते रोज मला लपवत होते. मला वाईट वाटायचं. पण संध्याकाळी ते माझ्या सीटवर पडलेला पाला रुमालानं झटकायचे, मग मी विसरून जायची.

आणि रविवार! अहाहा, रविवार! सकाळीच आम्ही दशहरा मैदानावर जात असू. जयूबाई सीटवर, श्रीनाथराव मागून कॅरिअर धरून पळतायत. "सोडू नका हं!" "नाही सोडत!" असं म्हणत म्हणत एक दिवस त्यांनी सोडलं. जयूबाईंना कळलंच नाही. माझ्या मात्र लगेच लक्षात आलं! मागची पकड गेली आणि मी केवळ त्यांच्या हातात होते. मैदानाच्या टोकाशी वळायचं कसं ते न कळल्यामुळे आम्ही दोघी एका वाळूच्या ढिगात घुसलो. श्रीनाथराव धापा टाकत आले तर जयूबाई वाळूत बसून हसत होत्या.

"मी एकटी आले ना? खरं सांगा, एकटीच आले ना?"

त्यानंतर त्या थांबल्याच नाहीत. रविवारी आम्ही पुरी-भाजीचा डबा घेऊन कालियादहच्या महालापर्यंत जात असू. जाताना ते चालवायचे, येताना त्या. पुढे पुढे माईसुद्धा निवळल्या. कार्तिकात त्यांना पहाटे राम घाटावर स्नानाला जायचं असे आणि टांगेवाला काही केल्या वेळेवर येत नसे. एक दिवस त्या नऊवारीचा पदर खोचून गुपचूप माझ्या कॅरिअरवर बसल्या. "चल ग जयू. पण सांभाळून. आणि कोणी ओळखीचं दिसलं तर थांबव, मी उतरीन." ओळखीचे खूप दिसले. त्या काही उतरल्या नाहीत.

काही वर्षांनी उज्जैनबाहेरच्या भैरवगढला मुलींची सरकारी शाळा निघाली. जयूबाई मॅट्रिक झालेल्या होत्या. त्यांना तिथे शिक्षिकेची जागा मिळाली. तुम्हाला भैरवगढ माहीतच असेल. घरोघरी कापडावर ठसे मारतात, रंगवतात आणि नदीवर नेऊन धुतात. तिथल्या मुली लहानपणापासून या कामात. त्यांचे आई-बाप म्हणायचे, "बहनजी आ गई हों तो जाओ, नहीं तो कपड़ा धोने चलो." म्हणजे बाई वेळेवर आल्या तर शाळा, नाही तर नदी! आणि मुली टिकल्या नाहीत तर शाळा बंद करू, असं वरून सांगून ठेवलेलं होतं.

शाळेला घंटा नव्हती. मग मीच घंटा झाले! गल्लीच्या तोंडाशी शिरताच जयूबाई माझी घंटी वाजवायच्या. ट्रिंग, ट्रिंग! की दारादारांतून मुली धावत सुटायच्या. कोणाचे हात निळे, कोणाचे लाल. त्यांत जुबेदा नावाची एक मुलगी सगळ्यांच्या पुढे असायची आणि शाळेपर्यंत माझ्याबरोबर पळत यायची.

शाळा सकाळची होती. ती सुटली की जयूबाई मला घेऊन जोरात फ्रीगंजला यायच्या. श्रीनाथराव टोपी घालून दारात तयारच असत. त्या उतरायच्या, ते बसायचे, माझी सीट गार व्हायला वेळच मिळत नसे! सकाळी बाईंची, मग रावांची. एका सायकलीनं आणखी काय मागावं?

पण मग ती बातमी आली. मध्यभारत मोडून नवा मध्यप्रदेश होणार, राजधानी भोपाळ. कोठीवरची काही खाती भोपाळला हलली आणि त्यात श्रीनाथराव आणि भय्यासाहेब दोघांचंही खातं होतं. भोपाळात घरांची इतकी टंचाई, की सगळ्यांनी जाणं शक्य नव्हतं. श्रीनाथरावांनी पुढे जायचं ठरलं. त्यांना खोली मिळाली ती कचेरीपासून लांब, चढावावर. आता सायकल कोणाबरोबर जाणार? हा प्रश्न कोणी विचारलाच नाही. पुरुषमाणूस परक्या गावी निघालं आहे, सायकल त्याच्याबरोबरच जाणार! आळीतले अण्णा तसंच म्हणाले, दूधवाला तसंच म्हणाला.

"मी टांग्यानं जाईन," जयूबाई म्हणाल्या.

दिवाळीनंतर मला गोणपाटात शिवलं. हँडल आडवं फिरवून चाकाच्या रांगेत केलं. घंटी वाटेत कोणी काढून नेईल म्हणून श्रीनाथरावांनी ती सोडवून कोटाच्या खिशात ठेवली. मी गोणपाटाच्या आतून ऐकत होते. जयूबाई टांग्यानं शाळेत जाऊ लागल्या होत्या. टांगा सवाऱ्या भरल्याशिवाय हलायचा नाही. बाई पोहोचेपर्यंत मुली कापडाची गाठोडी घेऊन नदीवर गेलेल्या असायच्या. "आज तिघीच होत्या," एका दुपारी त्या माईंना सांगत होत्या. त्यांचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

निघायच्या दिवशी सकाळी सगळे स्टेशनवर आले. मला आधीच मालाच्या डब्यात चढवलं होतं. डब्याचं दार उघडं होतं आणि गोणपाटाच्या विणीतून समोरच उभी असलेली माझी माणसं दिसत होती. फलाटावर कोठीची निम्मी मंडळी. भय्यासाहेब मोठमोठ्यानं हमालांना सूचना देत होते.

"जयू," माईंनी विचारलं, "तुझ्या पोरी आत्ता कुठे असतील ग?"

"नदीकडे निघाल्या असतील, माई."

"आणि उद्या?"

गार्डानं शिट्टी तोंडाला लावली.

माई मुलाकडे वळल्या. "श्रीनाथ, तुला भोपाळात चार दुकानं सापडतील. हिनं भैरवगढला जायचं कसं, ते मला सांग."

"माई, आता बिल्टी झाली, मालाची पावती फाडली. चढली ती डब्यात."

"चढलेली उतरत नाही होय?"

श्रीनाथरावांनी जयूबाईंकडे पाहिलं. फक्त एकदाच. आणि मग, मित्रांनो, ते पळत सुटले! दशहरा मैदानावर पळायचे त्याहूनही जोरात!

"गार्डसाहब, मेरी साइकिल उतारिए!"

"अरे बाबूजी, गाड़ी छूट रही है! कौन सी साइकिल?"

आत आणखी सायकली होत्या, सगळ्या गोणपाटात. श्रीनाथरावांनी मागे वळून कचेरीच्या मंडळींकडे नजर टाकली. मग सबंध फलाटाला ऐकू जाईल अशा आवाजात ओरडले, "वह जनानी! काली वाली, टेढ़े डंडे की! वही मेरी साइकिल है!"

गोणपाटातसुद्धा मी शहारले! ते डब्यात चढले, त्यांनी मला शोधलं, दारापर्यंत ओढलं. पण मी जड, आणि खाली धरायला कोणी नाही. तेवढ्यात मोठ्या मिशा पुढे सरसावल्या.

"अहो, हँडल इकडे द्या! धरलंय मी! सोडा!" भय्यासाहेब! त्यांनी मला अलगद खाली घेतलं. श्रीनाथरावांनी उडी मारली, गोणपाट टराटरा फाडलं, माझं पुढचं चाक गुडघ्यांत दाबून हँडल एका हिसक्यात सरळ केलं आणि नट आवळला. गाडी हलली.

"निघ, जयू!" ते म्हणाले. चार लोकांत त्यांनी जयूबाईंना कधी नावानं हाक मारली नव्हती. "निघ! उशीर होतोय!"

जयूबाईंचे डोळे भरले होते, पण त्यांनी पदर खोचला. त्या बसल्या. भय्यासाहेबांनी हात देऊन श्रीनाथरावांना चालत्या गाडीत ओढून घेतलं. मला एवढंच दिसलं, कारण आम्ही स्टेशनच्या बाहेर पडलो होतो.

काय धावले मी त्या दिवशी! गोणपाटाचा एक तुकडा माझ्या कॅरिअरला अडकून मागे झेंड्यासारखा फडफडत होता. दौलतगंजात लोक ओरडत होते, "बहनजी, बोरा उड़ रहा है!" उडू दे! जुनं शहर मागे पडलं, हरभऱ्याची शेतं आली. हँडल घाईत बसवलेलं, ते जरा डावीकडे ओढत होतं. जयूबाई उजवीकडे जोर देत होत्या. आम्ही दोघी मिळून सरळ जात होतो.

भैरवगढच्या गल्लीत शिरलो तर समोर मुलींची रांग, डोक्यावर गाठोडी, तोंडं नदीकडे. जयूबाईंचा अंगठा सवयीनं घंटीवर गेला. घंटी कुठे होती? ती भोपाळच्या गाडीत, कोटाच्या खिशात!

जयूबाई शाळेत फार करड्या होत्या. मोठ्यानं हसतसुद्धा नसत. त्या जयूबाईंनी भर गल्लीत तोंड उघडलं आणि ओरडल्या, "ट्रिंग! ट्रिंग! ट्रिंग!"

रांग थांबली. जुबेदा वळली. मग ती जी हसायला लागली! सगळ्या हसायला लागल्या. दारांतून बायका बाहेर आल्या, पुरुष हातातला ठसा तसाच धरून बघू लागले. आणि जयूबाई सायकलवरून, घामानं डबडबलेल्या, पुन्हा, "ट्रिंग! ट्रिंग!"

जुबेदाची आई पुढे आली. तिनं मुलीच्या डोक्यावरचं गाठोडं उतरवून स्वतःच्या डोक्यावर घेतलं.

"जा," ती म्हणाली, "तेरी घंटी आ गई."

शाळा बंद झाली नाही. श्रीनाथराव काही महिने भोपाळात पायी हिंडले, मग त्यांनी तिथे दुसरी सायकल घेतली. ती कशी होती ते मला माहीत नाही, मी भोपाळ कधी पाहिलंच नाही. दोन-तीन वर्षांनी ते बदली मागून परत आले. माझी घंटी त्यांनी पुढच्याच आठवड्यात कोणाबरोबर तरी पाठवून दिली होती, पण मुलींना ती पसंत पडली नाही. त्यांना बाईंच्या तोंडचीच हवी होती!

शाळा सुटल्यावर जुबेदा माझ्यावर शिकली. तिच्यानंतर दुसरी, मग तिसरी. मी किती वेळा पडले ते विचारू नका. पुढे जयूबाई निवृत्त झाल्या तेव्हा त्यांनी मला जुबेदालाच दिलं. तिनं माझ्या कॅरिअरवर छापील चादरींचे गठ्ठे लादून सगळं उज्जैन पालथं घातलं. मग तिच्या घरी स्कूटर आली. आता मी अंगणात रंगाच्या हौदामागे उभी असते. पाऊस अंगावर घेते. कधी कोणी मला बकरी बांधतं. बकरी चांगली आहे, पण ती कुठे जात नाही.

म्हणून मित्रांनो, तुम्हाला सांगते. सायकल घ्यायला जाल तेव्हा रंग शेवटी बघा. आधी तिच्यावर बसा, कोणाला तरी मागे घेऊन चालवा, ब्रेक दाबून पाहा. घरातल्या प्रत्येकाला विचारा की तुलाही चालवायची आहे का. जिला सहसा कोणी विचारत नाही तिला आधी विचारा. आणि घरी आणली की तिला ओल्यात टाकू नका, साखळी कोरडी ठेवू नका. झिजण्याची आम्हाला भीती नसते. भीती असते ती नुसतं उभं राहण्याची. तुम्हाला नको झाली तर खुशाल दुसऱ्या कोणाला द्या, पण चालती ठेवा.

माझी चाकं अजून फिरतात. दोन थेंब तेल आणि थोडी हवा, एवढंच पुरे आहे. तुमच्यापैकी कोणी येतंय का? या ना! रस्ता मला पाठ आहे.